फोटो बंद का झाले ते सांगतो

१८ ऑगस्ट, श्रावणातला शेवटचा सोमवार

प्रिय पक्या,

तुझा मेसेज बघितला. तीनदा बघितला खरं तर, आणि तिन्ही वेळा फोन उपडा करून ठेवला. "रोजचा फोटो कुठाय रे, मेलास काय?" मेलो नाही. पण ही गोष्ट अंगठ्याने टाइप करण्यासारखी नाही म्हणून वही घेऊन बसलोय, रात्रपाळी करून आलोय, बाहेर पाऊस धो धो, सकाळपासून दोनदा लाइट गेली, आणि आई आतून दर पाच मिनिटांनी "न्हिद वच", झोप जा, म्हणून ओरडतेय.

तुला आठवतंय ना सुरुवात कशी झाली ती. १९ डिसेंबर, गोवा मुक्तिदिनाची सुट्टी, घरात करायला काही नव्हतं, तेव्हा तो सेकंडहँड कॅमेरा काढून शेताच्या बांधावर गेलो आणि म्हशीच्या पाठीवर बसलेल्या बगळ्याचा फोटो काढून तुला पाठवला. तू लिहिलंस, "रोज एक पाठव, इथे पुण्यात खिडकीतून फक्त समोरच्या बिल्डिंगचे एसी दिसतात." मी म्हटलं चल, पाठवतो. नियम आपणच ठरवला, रोज एक, त्याच दिवशीचा, आणि गावातला नाहीतर कामावर जायच्या वाटेवरचा. समुद्र नको, चर्च नको, गोवा म्हटल्यावर लोकांना जे दिसतं त्यातलं काहीच नको.

पहिला महिना मजेत गेला. धुकं, पाववाल्या पोदेराची सायकल, वायंगणाच्या भातलावणीला वाकलेल्या बायका, सुपारीच्या कुळागरात पाटाचं पाणी. मग सगळं संपलं! खरंच सांगतो, तिसाव्या-चाळिसाव्या दिवशी असं वाटायला लागतं की गावात आता काढण्यासारखं काही उरलंच नाही. कुंडईहून कंपनीची बस सकाळी आणून सोडते तेव्हा डोळे उघडे राहत नाहीत, त्यात फोटो कसला काढणार, म्हणून तुला तो तिठ्यावरचा लंगडा कुत्रा एकूण नऊ वेळा आला. तू चौथ्या वेळी ओळखलंस, आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाकीच्यांना अजून पत्ता नाही.

पण त्या कंटाळ्याच्या दिवसांतच मी बघायला शिकलो असं वाटतं. काही नसतं म्हणून माणूस थांबतो, आणि थांबला की लोक विचारतात काय बघतोस म्हणून, आणि मग तेच सांगायला लागतात. गेल्या आठ महिन्यांत जेवढी गावातली माणसं माझ्याशी बोलली तेवढी आधीच्या पंचवीस वर्षांत बोलली नसतील. काजूच्या भट्टीवाल्याने बोलावून नेऊन बोंडू तुडवताना फोटो काढायला लावला आणि वर हुर्राक दारू पाजली. शिगम्यात घोडेमोडणीच्या नाचाच्या वेळी तर एकाने घोडा कमरेला बांधता बांधता मला हाक मारली, "आयलो रे फोटोकार." आता माझं नावच ते पडलंय.

एप्रिलच्या शेवटी गवा दिसला तो फोटो तुला आठवत असेल, म्हणजे दिसलं काहीच नाही त्यात, काळा डाग आणि चार पांढरे पाय. संध्याकाळची वेळ, काजूच्या बागेतून सरळ रस्त्यावर आला, मी स्कूटरवर, मधे फार तर वीस पावलं. तो आपला राज्यप्राणी बिणी ठीक आहे, पण समोर उभा राहिला की पोटात गोळाच येतो. हात थरथरत होते म्हणून तसा आला. ग्रुपवर सगळे हसले, मला मात्र तो माझा सगळ्यात खरा फोटो वाटतो.

आणि एक फोटो पाठवला त्यावर तू काहीच बोलला नाहीस. जुलैतला, २०५ वा. तुझ्या बाबांचा ट्रक. कामासाठी डिचोलीला गेलो होतो, मुद्दाम तुमच्या जुन्या घरावरून आलो. २०१२ ला खाणी पहिल्यांदा बंद पडल्या तेव्हा सगळे म्हणत होते होईल सुरू, मधे झाल्याही, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजं रद्द केली आणि तुम्ही पुण्याला गेलात. ट्रक तिथेच आहे. शेजारच्यांनी हौद्यात माती भरून तवशी, काकड्या लावल्यात, वेल पार केबिनच्या टपावर गेलाय आणि आरशाला एक तवशें लोंबतंय. मला काढताना हसू आलं होतं, पाठवल्यावर वाटलं नको होता पाठवायला. त्याबद्दल तू रागावला असशील तर सांग, पण हा विषय तो नाही.

विषय पुढचा. त्यासाठी आधी मार्चमधलं सांगतो.

मार्चमध्ये मला धनेशाचं घरटं सापडलं होतं, आपण ज्याला माडगरूड म्हणायचो तो. तुला माहीतच आहे, मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते, तोंड लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर बिचारा दिवसभर फळं आणून त्या फटीतून भरवतो. काजऱ्याची फळंसुद्धा खातात, जी आपण खाल्ली तर मरू. मी नराचा चोचीत फळ धरलेला एक फोटो काढला आणि पाठवायच्या आधी वाळपईच्या एका पक्षीवाल्या मित्राला दाखवला. तो म्हणाला हा कुठे टाकू नको. का? तर झाडाखाली चार माणसं कॅमेरे घेऊन उभी राहिली की नर जवळ येत नाही, आणि तो आला नाही की आतली दोघं-तिघं उपाशी. मला पटलं. त्या दिवशी तुम्हाला कुत्रा आला, पाचव्यांदा की सहाव्यांदा.

म्हणजे पक्ष्याचं मला कळत होतं. तरी हे पुढचं मी केलं, म्हणून स्वतःचा जास्त राग येतो.

जूनमध्ये कॅमेऱ्याच्या भिंगाला बुरशी आली. आपल्याकडचा पाऊस, तुला सांगायला नको, कपाटातले पट्टेसुद्धा हिरवे होतात. कुणीतरी म्हणालं तांदळाच्या डब्यात ठेव, ठेवला, तर बुरशी होती तिथेच आणि आईने तांदूळ वाया गेला म्हणून दोन दिवस बोलणं टाकलं. मग मोबाइलवर काढायला लागलो. हे लक्षात ठेव, कारण त्या जुन्या डब्ब्या कॅमेऱ्याला आपण कुठे उभे आहोत ते कळत नव्हतं, मोबाइलला कळतं.

आमच्या वाड्याच्या वरच्या बाजूला ती काकी राहते ना, एकटी, मुलगा वेर्णाला कामाला, जी लहानपणी आपल्याला करवंदं द्यायची. नाव लिहीत नाही, तुला कळलं. ती रानातली अळमी, अळंबी काढते. रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, खरी, बाजारातली बटणं नव्हेत. जुलैमध्ये गडगडाट होऊन पाऊस पडला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे चारला उठून जाते आणि उजाडायच्या आत परत. सागवानाच्या पानात बांधून विकते, शंभराला हजाराच्या वर भाव जातो, आणि पुढे श्रावण लागतो, मासळी बंद, मग तर लोक तुटून पडतात. तेवढ्या दोन-तीन आठवड्यांत तिची वर्षाची औषधं निघतात. कुठली रोयण कधी उगवते ते तिच्या डोक्यात आहे, तिच्या आईने तिला दाखवलेलं, तिने स्वतःच्या मुलालासुद्धा अजून दाखवलेलं नाही.

मला दाखवलं. जवळजवळ सात महिने मी सगळ्यांचे फोटो काढत हिंडत होतो आणि तिचा एकही काढला नव्हता, म्हणून स्वतःच म्हणाली यो म्हणून. १३ जुलै. बॅटरीच्या उजेडात चाललो, जळवा वगैरे सगळं झालं, आणि एका फणसाखाली पोचलो तर पक्या, काय सांगू, वारुळाच्या सगळ्या अंगावर पांढऱ्या छत्र्या, काही अजून मिटलेल्या, बोटाएवढ्या, काही उघडून बशीएवढ्या झालेल्या. काकीने आधी हात जोडले. आपली सातेरी देवी म्हणजे तरी काय, रोयणच ना. मग एकेक अळंबं दोन बोटांत धरून हळू फिरवून काढायला लागली, निम्मी काढली आणि निम्मी ठेवली. मी विचारलं ही का ठेवलीस, तर म्हणाली "तीं तिचीं."

नंतर वाचलं मी. वाळवी पाला, लाकूड चावून आत नेते आणि त्यावर बुरशीची बाग करते, अगदी शेती करावी तशी, तिच्यावरच जगते. पावसात ती बुरशी वर छत्र्या काढते, देठ खाली पार त्या बागेपर्यंत गेलेला असतो. वरून अलगद काढलं तर बाग राहते आणि पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा. वारूळच खणलं तर खलास. आणि ही आपल्याला शेडमध्ये लावता येत नाहीत, वाळवी पाहिजे.

फोटो सुंदर आला होता. तिचा हात, ती छत्री, मागून बॅटरीचा उजेड. ग्रुपवर टाकला, जागेबद्दल अवाक्षर नाही. तर लगेच कौतुक सुरू, आणि त्यातल्या एकाने (तो पणजीवाला, तुला कळेल) लिहिलं की ओरिजिनल पाठव, फ्रेम करतो. फुगलो मी! आणि क्वालिटी जाऊ नये म्हणून फाइल डॉक्युमेंट करून ग्रुपवर टाकली. साधा फोटो पाठवला की व्हॉट्सॲप आतली सगळी माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की ती तशीच जाते, तारीख, वेळ आणि लोकेशन. नकाशावर उघडलं की सरळ तो फणस.

पुढच्या रविवारी संध्याकाळी त्याचं स्टेटस बघितलं. गाडीच्या डिकीत वर्तमानपत्रावर ढीग, बाजूला कुदळ, बायको-मुलं हसतायत. "फ्रेश फ्रॉम सत्तरी." खाली बदाम.

मी काय केलं असेल? काही नाही. आठवडाभर काहीच नाही. तुला त्या आठवड्यात पाव, छत्र्या, पुन्हा कुत्रा, आणि बसच्या काचेवरचे थेंब आले, ते सगळे मी वर न जाता काढलेले फोटो आहेत. मनाची समजूत घालत होतो की दुसरीच रोयण असेल. डोंगर केवढा आहे.

२७ तारखेला काकीच दारात आली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. "चल" म्हणाली, मी गेलो. वारूळ निम्मं पडलं होतं, आतली ती बाग, राखाडी, स्पंजासारखी, पावसात भिजून त्याचा लगदा झालेला. प्लास्टिकची बाटली होती बाजूला. मी सांगितलं तिला, सगळं सांगितलं, लोकेशन म्हणजे काय ते समजावत बसलो मूर्खासारखा. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तुज्या फोटवान खाल्ली रे म्हजी रोयण."

मी त्या पडलेल्या वारुळाचा फोटो काढला. का काढला माहीत नाही, हाताला सवय. तो २२१ वा. कुणाला पाठवला नाही, तुलाही पाठवणार नाही. त्यानंतर काढला नाही.

पणजीवाल्याला फोन केला होता. तो म्हणतो रान काय तिच्या बापाचं आहे काय. कायद्याने तिच्या बापाचं नाहीच, त्याचंही नाही, पण यावर त्याच्याशी वाद घालण्यात मला अर्थ वाटला नाही. आणि खरं सांगू, कुदळ त्याची असली तरी वाट मीच दाखवली. दर पावसाळ्यात आपल्याकडे धबधब्यांवर लोक रील बघून येतात, वाहून जातात, मग बंदी घालतात, तेव्हा मी नाक वर करून बोलायचो, बाहेरच्यांना अक्कल नाही म्हणून. बाहेरचा कोण यात? आपल्याच वर्गातला.

आता कॅमेऱ्याचं लोकेशन बंद केलंय. जुने फोटो एकेक उघडून बघतोय, जूनपासूनचे जवळजवळ सगळे नकाशावर टिंब होऊन बसलेत. एकत्र बघितले तर आमच्या गावाची सगळी गुपितं एका पानावर, मोरांची जागा, चडणीचे मासे धरायची कोंड, काजवे जमतात ती झाडं. मी स्वतः आखून दिलेला नकाशा.

काल काकी वाटेत भेटली. तीन आठवडे मला बघून न बघितल्यासारखं करत होती. मी थांबलो, म्हटलं चवथ जवळ आली, गणपतीवरच्या माटोळीचं सामान आणायला तुला कोण आहे? मुलाला यंदा सुट्टी नाही ते मला माहीत होतं. कांगलां, फागलां, घागऱ्यो, त्यातलं बरंचसं उंचावरचं असतं, तिला आता चढवत नाही. मी येतो, भारा उचलीन. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोबायल घरा दवर आनी यो." मोबाइल घरी ठेवून ये.

माफ केलं असं नाही वाटत मला. तिला झाडावर चढणारा पाहिजे, एवढंच. पण जाणार. चवथीच्या दोन दिवस आधी, पहाटे.

तू येणार असशील तर चवथीलाच ये, आई पातोळ्यांचं आतापासून बोलतेय. आणि हो, तू त्याच ग्रुपवर आहेस. ती १३ जुलैची फाइल तुझ्या डाउनलोडमध्ये पडलेली असणार. आधी ती उडव, मग फोन कर.

तुझा,
बाबू