नाबोथाचा मळा आणि येऊरचे पाडे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा 'सृष्टीचा काळ' म्हणून जगभरातील अनेक ख्रिस्ती पंथ पाळतात. त्यानिमित्त ठाणे आणि नवी मुंबईतील चर्चमध्ये झालेल्या वृक्षारोपणाच्या आणि कापडी पिशव्यांच्या वाटपाच्या बातम्या आपल्या दैनिकात छायाचित्रांसह आल्या. मी स्वतः ख्रिस्ती असल्यामुळे त्या वाचून समाधान वाटले, तरीही एक गोष्ट खटकली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या अशाच एका कार्यक्रमाला मी हजर होतो. तेथे खड्डे खणायला रोजाने आणलेली माणसे तिथल्या आदिवासी पाड्यावरची होती, रोपे लावणारे आम्ही शहरातले होतो आणि छायाचित्र काढण्याची वेळ आली तेव्हा खड्डे खणणारे बाजूला फावडी धूत होते.

पोप फ्रान्सिस यांनी मे २०१५ मध्ये लिहिलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पर्यावरणाचा प्रश्न झाडांपुरता ठेवलेला नाही. आदिवासींच्या जमिनीला हात लावणारे मोठे प्रकल्प येऊ घातले असतील, तर सर्वांत आधी बोलणे त्यांच्याशी व्हायला हवे, कारण जमीन ही त्यांच्या दृष्टीने बाजारातली वस्तू नसून देवाची आणि तिथेच विसावलेल्या पूर्वजांची देणगी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आमच्या प्रवचनांत मात्र त्या परिपत्रकातले पाणी, प्लास्टिक आणि वीजबचत तेवढी येते. हा भाग क्वचितच ऐकायला मिळतो.

वास्तविक बायबलमध्ये या विषयावर एक अख्खी कथा आहे. 'पहिले राजे' या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात अहाब राजाला राजवाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा असतो. राजा सुरुवातीला जबरदस्ती करत नाही. त्याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत घे, असे तो सुचवतो. वाडवडिलांचे वतन देणार नाही, असे नाबोथ सांगतो आणि विषय संपायला हवा तिथे तो सुरू होतो. ईजबेल राणी राजाच्या शिक्क्याची पत्रे धाडते, दोन खोटे साक्षीदार उभे राहतात आणि देवाची व राजाची निंदा केल्याच्या आरोपावरून नाबोथाला दगडांनी ठार मारले जाते. राजा ताबा घ्यायला जातो तेव्हा संदेष्टा एलिया त्याला त्याच मळ्यात गाठतो. पर्यायी जागा, मोबदला, नकार, गुन्हा दाखल आणि ताबा हा क्रम ज्यांनी ठाणे, रायगड किंवा पालघरमधले भूसंपादन जवळून पाहिले आहे, त्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

झारखंडमध्ये आदिवासींच्या जमिनीसाठी आणि तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी काम करणारे येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली आणि त्यानंतरचे महिने त्यांनी आपल्या नवी मुंबईतल्या तळोजा कारागृहात काढले. कंपवातामुळे हातात पेला धरता येत नाही म्हणून नळीचा पेला मिळावा, यासाठी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, खटला उभा राहण्याआधीच, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोपांबद्दल कोणाचे काहीही मत असो, तळोज्याच्या आसपासच्या किती चर्चमध्ये त्यांच्या कामाची ओळख करून दिली गेली, हा प्रश्न मला आमच्याच माणसांना विचारायचा आहे.

इतिहासात आमची बाजू नेहमीच स्वच्छ नव्हती, हेही लिहायला हवे. १४५५ साली पोपच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तीतरांचे प्रदेश जिंकून घेण्याची मुभा दिली आणि त्याच राजसत्तेच्या हाती १५३४ मध्ये वसई व साष्टी आली. ठाण्यातला चर्चचा विस्तार त्या सत्तेच्या छायेत झाला. अशा फर्मानांवर उभा राहिलेला 'शोधाचा सिद्धांत', म्हणजे ख्रिस्ती सत्तेने 'शोधलेली' भूमी तिचीच, हा दावा व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी जाहीरपणे नाकारला. आजच्या झारखंडमधल्या छोटानागपुरात तर बिरसा मुंडा मिशनच्या शाळेत शिकले आणि पुढे मिशनपासून दूर गेले. गोरा अधिकारी आणि गोरा पाद्री यांची टोपी एकच, ही तिथली भावना उगीच निर्माण झाली नव्हती. मात्र त्याच छोटानागपुरात फादर कॉन्स्टंट लिव्हन्स यांनी १८८५ पासून जमीनदारांविरुद्धच्या दाव्यांत मुंडांना कायदेशीर मदत केली आणि बिरसांच्या 'उलगुलान' या उठावानंतर १९०८ मध्ये जो कुळकायदा झाला, त्याच्या घडणीत फादर हॉफमन यांचा हात होता. म्हणजे कोर्टकचेरीचे काम आमच्या परंपरेला नवीन नाही.

इथे आज नेमके तेच काम पडून आहे. २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवू शकणाऱ्या आदिवासीचा दावा त्याखाली मान्य होऊ शकतो. पुरावा म्हणून काय चालते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. एका पाड्यावर खताच्या पिशवीत गुंडाळून आढ्याला खोवलेली वनखात्याच्या दंडाची जुनी पावती मी पाहिली आहे. घरातल्या आजीने ती भीतीपोटी जपली होती. अतिक्रमणाबद्दल केलेला तो दंडच ताब्याचा पुरावा ठरू शकतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. त्यात महापालिका हद्दीतल्या पाड्याला ग्रामपंचायत नसते, त्यामुळे दाव्याची पहिली पायरी असलेली सभा कोणी बोलवायची, इथेच घोडे अडते. हॉटेले आणि टर्फ मात्र त्याच डोंगरावर चढत राहतात.

ख्रिस्ती माणूस पाड्यावर गेला की धर्मांतराचा संशय येतो, हे मला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणजे दावा लिहून देताना देव कोणता, हे विचारायचे नाही आणि पाड्याच्या वाघोबाचे ठाणही त्या दाव्यात नोंदवून घ्यायचे. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये डोंगरिया कोंध आदिवासींच्या धार्मिक हक्कांचाही निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि बाराही ग्रामसभांनी तिथल्या बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. त्यांचा देव नियमराजा याच्या डोंगरासाठीचा तो न्याय मला ख्रिस्ती म्हणून परका वाटत नाही.

आमच्या धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) वकील आहेत, निवृत्त तलाठी आणि मोजणीदार आहेत. पुढच्या सृष्टीच्या काळात त्यांनी रविवारी मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर पाड्यांवर बसून दाव्यांच्या फायली पूर्ण करून द्याव्यात. त्याचबरोबर या दोन शहरांतील ख्रिस्ती संस्थांनी आपल्या शाळा, आश्रम आणि विश्रामगृहांच्या जमिनींचे जुने सातबारा व फेरफार काढावेत आणि त्यांत कुठे आदिवासी खातेदाराचे नाव होते का, हस्तांतराला महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार परवानगी घेतली होती का, हे इतर कोणी विचारण्याआधी स्वतः तपासून जाहीर करावे.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, चेंदणी, ठाणे