आडव्या ताणकाट्याचं शून्य

वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या काकांना खुलं आभारपत्र

काका, सादर नमस्कार.

शाळेच्या कपाटातले अकरा ताणकाटे (स्प्रिंग ताणून बल मोजणारे काटे) तुमच्याकडे आले तेव्हा सोबतच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलेलं होतं, की हे एकमेकांशी जुळत नाहीत. एकही काटा उघडण्याआधी तुम्ही विचारलंत, हे टांगून वापरता की आडवे? त्या प्रश्नातच अर्धी दुरुस्ती होती. तुमचे आभार मानायचे आहेतच. पत्र उघडं लिहितोय ते यासाठी, की क्रियाबल-प्रतिक्रियाबल (न्यूटनचा तिसरा नियम: एक वस्तू दुसरीवर जितकं बल लावते, तितकंच दुसरी पहिलीवर उलट दिशेने लावते) शिकवताना जिथे आम्ही अडत होतो तिथेच इतरही अडत असणार, आणि तुम्ही सांगितलेलं त्यांच्याही कामी यावं.

आधी काट्याचंच. ताणकाटा टांगलेला असतो तेव्हा खालचा हूक आणि दांडी यांचं वजन स्प्रिंगवर कायम असतं, आणि शून्य लावलेलं असतं ते हे वजन धरूनच. काटा टेबलावर आडवा झाला की ते वजन स्प्रिंगवरून उतरतं. स्प्रिंग तेवढी आखडते आणि दर्शक शून्याच्या मागे जायला बघतो. पण मागे जागा नसते, खाच तिथेच संपते. म्हणून तो शून्याला टेकून निमूट बसतो आणि चूक डोळ्यांना दिसतच नाही. १० न्यूटनच्या काट्याचा हूक आणि दांडी मिळून ४० ग्रॅम भरत असतील, तर आडव्या स्थितीत तो साधारण ०.४ न्यूटन कमी दाखवणार. ५ न्यूटनच्या काट्याचं हेच सामान १५ ग्रॅमचं असेल, तर तो ०.१५ कमी दाखवणार. हे दोन काटे एकमेकांत अडकवून ओढले, तर खरी ओढ ३ न्यूटनची असताना एकावर २.६ दिसतं, दुसऱ्यावर २.८५.

सातवीच्या वर्गात हे दोन आकडे फळ्यावर गेले की धडा तिथेच हातातून जातो. जो जोरात ओढतो त्याचं बल जास्त, हे मुलांच्या मनात आधीपासून पक्कं असतं, आणि काटाच त्याला पुरावा देतो. मग ‘प्रयोगातली त्रुटी’ म्हणून कितीही समजावा, मुलं मान डोलावतात आणि मनात आपलंच धरून बसतात. त्यांचं चुकतं असंही म्हणता येत नाही. समोर दिसतंय ते वाचायचं हेच तर आपण त्यांना शिकवतो.

तुम्ही सांगितलेला क्रम आता कपाटाच्या दारावर चिकटवला आहे. आधी काटा टांगून ५०० ग्रॅमचं माप लावायचं. ४.९ न्यूटन यायला हवेत. रिकाम्या काट्याचं शून्य बरोबर आणि ५०० ग्रॅमला आकडा चुकीचा, असं असेल तर स्प्रिंग ताणून सैल पडली आहे. तिथे नट फिरवून उपयोग नाही, काटा बाजूला काढायचा. (असे तीन निघाले. कुणीतरी कधीतरी त्यांना दप्तरं लटकवली असणार.) ही चाचणी पार पडली की काटा आडवा ठेवायचा, हुकाला बोटाने हलकेच पुढे-मागे करून सोडायचं आणि वरच्या नटाने शून्य लावायचं. दर्शक खाचेत घासत असेल तर खाच रॉकेलच्या बोळ्याने पुसून कोरडी करायची. तेल मात्र घालायचं नाही. तेलावर खडूची धूळ बसते आणि महिनाभरात तिची पेस्ट होते. आडवं शून्य लावलेल्या काट्यांच्या पाठीवर लाल रंगाने ‘आ’ लिहिलं आहे, कारण तोच काटा पुन्हा टांगला तर आता जास्त दाखवणार.

काटे जुळल्यावर प्रयोग असा होतो. दोन काटे टेबलावर हुकात हूक अडकवून, सरळ एका रेषेत. थोडा कोन राहिला तरी दर्शक खाचेच्या कडेला घासतो. पहिल्या फेरीत एकाने ओढायचं, दुसऱ्याने नुसतं धरून ठेवायचं. दुसऱ्या फेरीत उलट, तिसरीत दोघांनी ओढायचं. चौथ्या फेरीत एक काटा खिडकीच्या गजाला सुतळीने बांधायचा आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी ओढायचं. प्रत्येक फेरीआधी अंदाज वहीत लिहून घ्यायचा. हे गाळलं तर नंतर सगळेच म्हणतात, आम्हाला माहीतच होतं. गजाच्या फेरीला हमखास येणारा अंदाज म्हणजे गजाकडचा काटा शून्य दाखवेल, कारण गज काही ओढत नाही. दोन्ही काट्यांवर ३ आले की वर्ग पहिल्यांदा गप्प होतो.

इथे दोन गोष्टी बिघडतात. ओढ सावकाश हवी. झटका दिला तर काट्यांना वेग द्यायलाही बल खर्ची पडतं आणि आकडे क्षणभर वेगळे दिसतात. दुसरी गोष्ट तुमच्याच दुकानात लक्षात आली. ५ आणि १० न्यूटनचे काटे जोडले, तर ३ न्यूटनला एकाचा दर्शक पट्टीच्या निम्म्याहून पुढे जातो आणि दुसऱ्याचा तिसऱ्या हिश्शापर्यंतही पोहोचत नाही. लांबून बघणारी मुलं अंतर बघतात, आकडा नाही. म्हणून सुरुवातीला दोन्ही काटे सारख्या क्षमतेचे द्यावेत, आणि समान बल पटलं की मगच वेगवेगळ्या क्षमतेचे जोडून विचारावं, कुणावर जास्त? स्प्रिंग जास्त ताणली गेली म्हणजे बल जास्त असं नव्हे, हा धडा फुकटात मिळतो.

यापुढचा अडथळा काट्याचा नाही, भाषेचा आहे. ‘प्रतिक्रिया’ हा शब्द मुलं रोज बातम्यांत ऐकतात. अमुक घडलं, त्यावर तमुकांनी प्रतिक्रिया दिली. म्हणजे आधी एक, मग दुसरं. शिवाय द्यायची की नाही हे देणाऱ्याच्या मर्जीवर. बलांमध्ये यातलं काहीच नसतं. दोन्ही बलं एकाच क्षणी असतात, कोणतंही आधी नाही, आणि कुणाला क्रियाबल म्हणायचं ही निव्वळ सोय आहे. आम्ही पहिले दोन तास हे शब्द काढतच नाही, ‘बलांची जोडी’ म्हणतो. पाठ्यपुस्तकातला शब्द नंतर येतो, तोवर जोडी डोक्यात बसलेली असते. नियम नावानिशी नववीत भेटतो खरा, पण गोंधळ सहावीपासूनच मुरायला लागतो.

जोडी ओळखायची कसोटी म्हणजे एक वाक्य. कर्ता आणि कर्म यांची अदलाबदल करायची, क्रियापद तेच ठेवायचं. ‘पृथ्वी पुस्तकाला ओढते’ याची जोडी ‘पुस्तक पृथ्वीला ओढतं’. ‘टेबल पुस्तकाला रेटतं’ याची जोडी ‘पुस्तक टेबलाला रेटतं’. टेबलावरच्या पुस्तकाचं वजन आणि टेबलाचा वरचा रेटा ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असं गाइडांत सर्रास छापलेलं असतं. ते या कसोटीत नापास होतं. दोन्ही बलं एकाच पुस्तकावर आहेत आणि एक ओढतंय, दुसरं रेटतंय. ती इथे समान आहेत कारण पुस्तक स्थिर आहे. तेच पुस्तक वर जाऊ लागलेल्या लिफ्टमध्ये ठेवा, लिफ्ट वेग घेत असेपर्यंत रेटा वजनाहून जास्त असतो. जोडीतली बलं मात्र तेव्हाही समानच. ‘एकमेकांना रद्द करतात’ हेही याच घोटाळ्यातून येतं. रद्द व्हायला दोन्ही बलं एकाच वस्तूवर हवीत. जोडीतली बलं तशी कधीच नसतात.

तुम्ही उसना दिलेला ५ किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा इथे कामाला आला. काचेच्या मोठ्या भांड्यात निम्म्याच्या वर पाणी, भांडं काट्यावर, आणि टेअरचं बटण दाबून शून्य. एका मुलीने तर्जनी दोन पेरं पाण्यात धरली, तळाला न टेकवता, कडेला न लावता. काट्यावर ९, मग १० ग्रॅम. बोट तर तिच्याच हाताला लटकलेलं आहे, मग हे वजन आलं कुठून? पाणी बोटाला वर रेटतं हे मुलांना विहिरीत पोहताना ठाऊक झालेलं असतं. बोट पाण्याला खाली रेटतं, हे मात्र दाखवल्याशिवाय सुचत नाही.

आता दोन्ही काटे एकत्र. साधारण २९० ग्रॅमचा काळा दगड नायलॉनच्या दोऱ्याने ताणकाट्याला टांगायचा. इथे काटा उभा, म्हणून ‘आ’ नसलेला घ्यायचा. हवेत २.८ न्यूटनच्या आसपास. दगड पाण्यात पूर्ण बुडवला की ताणकाटा १.९ वर येतो आणि त्याच वेळी खालचा इलेक्ट्रॉनिक काटा १०० ग्रॅमच्या जवळ चढतो. वर ०.९ ते १ न्यूटन घट, खाली १०० ग्रॅम म्हणजे ०.९८ न्यूटन वाढ. पाण्याने दगडाला जितकं वर रेटलं, दगडाने पाण्याला तितकंच खाली. जोडीतली दोन्ही बलं दोन वेगळ्या यंत्रांवर, एकाच क्षणी. आम्हाला माहीत असलेल्या प्रयोगांत याच्या तोडीचा दुसरा नाही.

बिघडतं ते असं. दगड तळाला टेकला की ताणकाटा आणखी उतरतो आणि खालचा काटा शंभराच्या कितीतरी वर जातो. मुलं तोच आकडा लिहून मोकळी होतात. भांडं काठोकाठ भरलेलं असेल तर पाणी सांडतं, आणि काट्याच्या ताटलीवरून ओघळून गेलेलं पाणी हिशेबातून जातं. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडे थोडे हलतात, म्हणून दगड आधी भिजवून घ्यावा. सुती दोरा पाणी पितो. पंखा चालू असेल तर १ ग्रॅमचा आकडा स्थिर राहत नाही. आणि काटा काही वेळाने आपोआप बंद होतो, मग पुन्हा चालू केल्यावर भांड्यासकटचं वजन शून्य धरून बसतो. पुन्हा चालू करण्याआधी दगड बाहेर काढायला हवा.

‘बलं समान, मग गाडी हलते कशी?’ हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि यावा. न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’त तिसऱ्या नियमाखाली दोरीने दगड ओढणारा घोडा घेतला आहे, आम्ही बैल घेतो. बैल जोखडाला पुढे रेटतो, जोखड बैलाच्या मानेला तेवढंच मागे. मुलांना फळ्यावर गाडी एका चौकटीत आणि बैल दुसऱ्या चौकटीत काढायला लावायचं. गाडीच्या चौकटीत फक्त गाडीवरची बलं: जोखडातून पुढे समजा ४०० न्यूटन, रस्त्याचा आणि आसाचा अडसर मागे ३००. उरले १०० पुढे, गाडी वेग घेणार. बैलाच्या चौकटीत जमीन त्याच्या खुरांना पुढे रेटते, जोखड मागे. चिखलात खूर घसरले की जमीन पुरेसं रेटू शकत नाही, आणि कितीही ताकदीचा बैल असला तरी गाडी रुतून बसते. ज्यांनी रुतलेली गाडी काढली आहे त्या मुलांना हे समजवावं लागत नाही.

फुग्याचं रॉकेट सगळेच करतात, म्हणून थोडक्यात. आठ मीटर तंगूस (नायलॉनची दोरी) स्ट्रॉमधून ओवून ताणून बांधायची आणि फुगा स्ट्रॉला चिकटवायचा; स्ट्रॉचा ५ सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. फुग्याचं तोंड दोरीला समांतर नसेल तर फुगा दोरीभोवती गिरक्या घेत राहतो. ‘फुगा मागच्या हवेला ढकलून पुढे जातो’ असं कुणी म्हणालं तर हसू नये. १९२० च्या जानेवारीत ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकन रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांना याच समजुतीतून टोमणा मारला होता, की निर्वात जागेत रॉकेट कशाला ढकलणार? अपोलो ११ उडाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ ला, त्या वृत्तपत्राने चूक मान्य केली. फुगा ढकलतो ते आतल्या हवेला.

तुमच्या दुकानातल्या काट्यांवर वजनमापं तपासणाऱ्या वैधमापन खात्याचा शिक्का असतो, शाळेच्या काट्यांना असं कुणी विचारत नाही. त्यांचं शून्य कुणीतरी अडवून तपासावं लागतं, आणि ते तुम्ही तीन संध्याकाळी बसून केलंत, पैसे घ्यायला नकार देऊन. त्याबद्दल मनापासून आभार.

एक कबुली. चौथ्या क्रमांकाच्या काट्याचं आडवं शून्य आम्ही मुद्दामच न लावता ठेवलं आहे. तो दर वर्षी एका गटाला न सांगता द्यायचा आणि दोष त्यांनीच शोधायचा, असं ठरलंय. यंदाच्या आठवीच्या गटाने आधी काट्यांची जागा बदलली, मग हूक उलटे लावले, आणि शेवटी काटा उभा धरून बघितला.

तुमची पाचही लोखंडी मापं शनिवारी पोहोचती करतो. २०० ग्रॅमच्या मापाच्या बुडाचं शिसं थोडं सैल वाटतंय. ते आमच्याकडून झालं असेल तर तसं सांगा, खर्च आम्ही देऊ.

आपले,
सहावी ते आठवीला विज्ञान शिकवणारे