गट बांधण्याचा अधिकार तुमचा, मालक ठरवण्याचा नाही

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी आत्या ८१ वर्षांची आहे. आजोबा १९७८ साली वारले, तेव्हा वारसाच्या फेरफारात माझे वडील, चुलते आणि आत्या अशी तिघांची नावं लागली. त्या काळी बहिणीचं नाव सातबाऱ्यावर लागणं आमच्या भागात सोपं नव्हतं. वडिलांनी आणि चुलत्यांनी ते आपणहून लावलं. मागच्या उन्हाळ्यात पीक कर्जासाठी उतारा काढला, तर गटाचं क्षेत्र २२ गुंठ्यांनी कमी झालेलं. फेरफार बघितला. कारण लिहिलं होतं, एकत्रीकरण योजनेतील चूक दुरुस्ती. आत्याला नोटीस नव्हती. वडिलांच्या नावे मात्र एक नोटीस काढलेली होती. वडील जाऊन नऊ वर्षं झाली आणि आमची वारस नोंदही त्याच वर्षी झाली आहे.

हे पत्र २२ गुंठ्यांसाठी नाही. त्याचा दावा आम्ही लढवू. पण सांगली-साताऱ्यात असं घर मी गावागणिक दाखवू शकतो, म्हणून आपल्याला लिहितो आहे.

आमच्याकडे एकेका माणसाची जमीन तीन-चार ठिकाणी असायची. थोडी मळीला, थोडी माळाला, एखादी ताल ओढ्याकाठी. हे विखुरलेले तुकडे एकत्र यावेत म्हणून तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा १९४७ चा कायदा आला आणि सर्व्हे नंबर-हिश्शांचे गट झाले. हेतू चांगलाच होता. पण कागदावर गट झाले तरी रानात बांध हलले नाहीत. ज्याची वहिवाट जिथं होती तिथंच तो कुळव धरत राहिला. थोरल्या भावानं एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून जबाब दिला, अंगठा उठवला आणि धाकट्यांना गट नंबर कळला तो पुढं सोसायटीचं कर्ज काढताना. ताबा एकाचा, सातबारा दुसऱ्याचा. तरी कुणी भांडलं नाही, कारण माळाला बाजरी आणि हुलगाच यायचा.

मग ताकारी आणि टेंभूचं पाणी आलं. गुहागर-विजापूर रस्ता रुंद झाला. ज्या माळाकडे कुणी वळून बघत नव्हतं तिथं ऊस आणि द्राक्षबागा उभ्या राहिल्या आणि रस्त्याकडेच्या गुंठ्याला न ऐकलेले भाव आले. चाळीस-पन्नास वर्षं झोपलेल्या चुका तेव्हा जाग्या झाल्या. नऊ-तीन, नऊ-चारचे, म्हणजे एकत्रीकरणाच्या जुन्या नोंदींचे, उतारे कोण काढतं, कुणाच्या सांगण्यावरून काढतं आणि दुरुस्तीचा अर्ज नेमका कुठल्या गटावर पडतो हे बघा. ज्या गटाला पाणी किंवा रस्ता लागला, त्याच गटातली चूक सापडते. माळाच्या खडकात कुणालाच चूक दिसत नाही.

महोदय, एकत्रीकरणाच्या कायद्याचा गाभा साधा आहे. माणसाचा जुन्या जमिनीवर जो हक्क होता तोच त्याला मिळालेल्या नव्या जमिनीवर राहतो. जागा बदलते, मालक बदलत नाही. लेखनातली किंवा आकडेमोडीतली चूक सुधारायला कलम ३१अ आहे आणि योजनेतच दोष राहिला असेल तर कलम ३२ आहे. कलम ३२ खाली बदल करायचा तर आधी त्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो आणि ज्यांना झळ बसेल त्यांना हरकतीसाठी एक महिना द्यावा लागतो. आजोबांनंतर वारस कोण, वाटणी तोंडी झाली की कागदावर, बहिणीनं हक्क सोडला की नाही, हे प्रश्न या कलमांत कुठंच बसत नाहीत. ते दिवाणी न्यायालयाचे आहेत. तिथं साक्ष होते, उलटतपास होतो, कागद सिद्ध करावा लागतो. भूमी अभिलेखच्या टेबलावर यातलं काय होतं?

अडचण अशी की याच कायद्यात कलम ३६अ आहे. अधिकाऱ्यानं ठरवायच्या बाबींत दिवाणी न्यायालयानं पडू नये असं ते सांगतं. अधिकारी आपल्या कक्षेत राहिला तर त्यात गैर काही नाही. पण तो दुरुस्तीच्या नावाखाली मालकीच ठरवून मोकळा होतो आणि वारस कोर्टात गेला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला ३६अ पुढं करतो. वर्षं त्यातच जातात. माझ्या आत्याच्या वयाच्या माणसाला वर्षं जाणं म्हणजे काय, ते मी आपल्याला वेगळं सांगायला नको.

मुदतीबद्दलही न्यायालयांनी संदिग्धता ठेवलेली नाही. कायद्यात मुदत लिहिलेली नसली तरी असा अधिकार वाजवी काळातच वापरला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६९ मध्येच गुजरातच्या एका जमीन प्रकरणात सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयानं कलम ३२ साठी हा वाजवी काळ तीन वर्षांचा धरला आहे. तरीही सत्तरच्या दशकातल्या योजनांवर आज दुरुस्तीचे आदेश होतात. बाधित माणसानं दरवेळी उच्च न्यायालयात जायचं आणि दरवेळी तेच उत्तर घेऊन यायचं. २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू होईपर्यंत कडेगावहून मुंबईची एक खेप शेतकऱ्याला किती पडायची, वकिलाची फी सोडून, याचा हिशेब मंत्रालयात कुणी मांडला आहे का?

मुलींचा विषय मला वेगळा काढावा लागतो. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं बसवलं. गट झाले तेव्हा बहुतेक जबाब पुरुषांचे होते. आज त्याच जबाबांच्या आधारे दुरुस्ती केली, तर ज्या बाईला तेव्हा कुणी विचारलं नाही तिला आताही विचारलं जात नाही. सासरच्या पत्त्यावर नोटीस पाठवायला एक पाकीट लागतं.

चुका सुधारूच नयेत असं माझं म्हणणं नाही. ज्याची जमीन खरोखर दुसऱ्याच्या गटात गेली त्याचं दुःख आमच्याइतकंच मोठं आहे. आपल्या खात्यानं २०२३ मध्ये सलोखा योजना आणली, एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार रुपये नोंदणी फीमध्ये, एकमेकांच्या जमिनीवर बारा वर्षं ताबा असलेल्यांना अदलाबदल करता यावी म्हणून. चांगलं काम झालं. त्यात दोन्हीकडची संमती लागते, हेच तिचं मोठेपण आहे. जिथं संमती नाही तिथं अधिकाऱ्याच्या सहीनं ती भरून काढता येणार नाही.

म्हणून मागणी करतो. तीन वर्षांपलीकडची योजना कलम ३२ खाली उघडायची नाही, असं लेखी परिपत्रक सगळ्या जिल्ह्यांना जावं. अर्जात वारसा किंवा वाटणीचा वाद दिसला की अधिकाऱ्यानं तो तिथंच थांबवून पक्षकारांना दिवाणी न्यायालयाची वाट दाखवावी. उताऱ्यावरच्या प्रत्येक हयात खातेदाराला, इतर हक्काच्या रकान्यात नाव असलेल्या बहिणींसकट, नोटीस पोहोचल्याची पावती फाईलला असल्याशिवाय फेरफार मंजूर होऊ नये. आणि गावोगावचे जबाब, योजनापत्रकं आणि नऊ-तीन, नऊ-चारचे उतारे सातबाऱ्यासारखेच ऑनलाइन दिसावेत. आज ते ज्याची ओळख आहे त्याला दुपारपर्यंत मिळतात आणि ज्याची नाही त्याला सापडत नाहीत.

आमच्या अपिलाची पुढची तारीख लागली आहे. आत्या येणार म्हणते. जिने चढवत नाहीत, तरी येणार म्हणते, कारण तिला त्या साहेबांना विचारायचं आहे की माझं क्षेत्र कमी केलं तेव्हा मी जिवंत आहे का, हे तुम्ही कुणाला विचारलं होतं?

आपला,
एक खातेदार शेतकरी,
ता. कडेगाव, जि. सांगली