आधी गवत, मग ससा

सातारा

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

सोडवून आणलेल्या सशांपैकी तो लाल डोळ्यांचा पांढरा तू घेणार, हे तुझ्या बाबांकडून कळले. घे. मात्र शनिवारच्या आत दोन सोयी झाल्या पाहिजेत: गवताचा कायमचा रतीब आणि ससे तपासणारा डॉक्टर. पिंजरा, नाव, खेळणी मागाहून झाली तरी चालतात. घरमालकांना मात्र आधी विचार. हा प्राणी आठ-दहा वर्षे जगतो आणि दाराच्या चौकटी कुरतडतो.

सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजतात गवत चघळून. आतडीही चोथ्यावरच हलती राहतात. चारा तुटला की आतडी मंदावतात, वायू धरतो, पोट दुखते म्हणून तो आणखी खात नाही, आणि उलटी सशाला करताच येत नाही. म्हणून अहोरात्र त्याच्यापुढे वाळले गवत हवे. तीन किलोच्या सशाला, नासधूस धरून, महिन्याला चार-पाच किलो लागेल.

हरळी किंवा मारवेल उत्तम, फुलोऱ्याआधी कापून सावलीत वाळवलेली. गवळ्याकडे लसूणघास सहज मिळेल आणि ससा ती अधाशासारखी खाईल. पण तिच्यात कॅल्शियम फार. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ठीक, मोठ्याच्या लघवीत खडूसारखा गाळ धरतो. जनावरांना घालतात ती उसाची वाढी नको, कोवळी ज्वारी तर अजिबात नको, तिच्यात विष असते. बांधावरचे हिरवे गवत आणशील तर त्या शेतात तणनाशक कधी मारले ते आधी विचार. ऊसपट्ट्यात मारले नसेल असा बांध शोधावा लागतो. आणि हिरवे गवत पोत्यात दाबून ठेवू नकोस. पोत्याच्या मध्यात हात घालून बघ, कोमट लागले तर ते आंबायला लागले आहे. फेकून दे.

पालेभाजीत कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला, गाजराचा पाला चालतो. रोज ओंजळ-दोन ओंजळ, धुऊन, नवी भाजी एका वेळी एकच आणि सुरुवातीला दोन काड्या. पालक क्वचित. कांदा, लसूण, बटाटा-टोमॅटोचा पाला नाही. तयार गोळीखाद्य सशाच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला 25 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नकोस. गवत चांगले खात असेल तर त्याच्या निम्मेही पुरते. दुकानातले रंगीबेरंगी दाण्यांचे मिश्रण घेऊ नकोस, तो त्यातले गोड दाणे तेवढे वेचतो. चपाती, बिस्किट, शेंगदाणे बंद. सांगलीत पाहुणा हातावर बेदाणे ठेवणारच. ते तू खा. गाजराचीही एक पातळ चकती पुरे. ससा आधी होता तिथे कोणते खाद्य चालू होते ते विचारून त्यातले आठवडाभराचे मागून घे. खाद्य एकदम बदलले की हगवण लागते.

आता लेंड्या. यात किळस मानायची नाही, कारण ससा दुखणे लपवतो आणि लेंडी लपवत नाही. निरोगी लेंडी गोल, साधारण एक सेंटिमीटरची, बोटांत चुरली की आत गवताचा भुगा दिसतो. रोज दोनशेहून जास्त पडतात. बारीक, काळपट, केसांत ओवलेल्या येऊ लागल्या तर गवत वाढव आणि लक्ष ठेव. द्राक्षाच्या बारक्या घडासारखी मऊ, चकचकीत लेंडी तो थेट गुदद्वाराला तोंड लावून खातो. ते त्याचे दुसऱ्यांदा पचवणे आहे, ओरडू नकोस. तसले घड जमिनीवर पडून राहू लागले तर मात्र गोळीखाद्य जास्त होते आहे किंवा त्याला पाठ वाकवता येत नाही. लघवी कधी विटकरी दिसते; बहुतेक वेळा तो भाजीचा रंग. लाल धागे किंवा गुठळ्या दिसल्या तर ते रक्त.

दहा-बारा तास खाल्ले नाही किंवा लेंडी पडली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही.

म्हणून डॉक्टर आधी. बरेच दवाखाने गायी-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांवर चालतात. फोन करून विचार, सशाला तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देता का? ‘हो’ आले तर दुसरा दवाखाना बघ. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, लिंकोमायसिन ही प्रतिजैविके तोंडावाटे दिली की त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि पाठोपाठ ससाही मरू शकतो. फिप्रोनिलचा गोचिडांचा फवाराही सशाला घातक. शस्त्रक्रियेआधी सशाला उपाशी ठेवायला सांगितले तर तिथून निघ. आपल्या जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रात्रीच्या तातडीला सांगलीहून ते फार लांब, पण नसबंदीसारख्या ठरवून करायच्या कामाची तिथे चौकशी करता येईल.

ताब्यात घेताना बघ: कानात पापुद्र्यांचे थर (खरूज किंवा कानातले किडे, ते उपटू नकोस, तेल-हळद लावू नकोस, चाटून पोटात जाते), नाकाला सर्दी, पुढच्या पायांच्या आतल्या बाजूचे केस चिकटलेले, खालचे दात वरच्यांच्या पुढे आलेले. मग मागचे तळवे. सशाला कुत्र्यासारखी गादी नसते, नुसते केस. तारेच्या जाळीवर वाढलेल्याच्या टाचा सोललेल्या असतात. घरात गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा जुना टॉवेल अंथर. ‘नर आहे’ या शब्दावर राहू नकोस, डॉक्टरांकडून खात्री कर. मादी असेल आणि नरांसोबत राहिली असेल तर महिनाभरात पिल्ले होऊ शकतात. मादीची नसबंदी टाळू नये, वयाबरोबर गर्भाशयाचा कर्करोग फार होतो. नराची झाली तरी पुढचे सहा आठवडे त्याला मादीपासून दूर ठेव.

उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, अंगाशी धरून. कानाला धरून कधीच नाही. घाबरून मागच्या पायांनी झटका मारला तर त्याचाच कणा मोडतो. दिवाळीत फटाक्यांच्या दणक्याने बंद पिंजऱ्यात हेच घडते, तेव्हा त्याला लपायला खोके पाहिजे. लाल डोळ्यांच्या सशाला कमी दिसते. तो डोके डावीकडे-उजवीकडे डोलवत अंदाज घेतो. तो आजार नाही.

तुझी खोली गच्चीखालची, आणि मार्च लागला. सशाला घाम येत नाही, तो बराचसा कानांतून थंड होतो. पारा 30 च्या वर गेला की धाप लागते, आणि सांगलीचा मे तुला माहीत आहे. दुपारी त्याला खालच्या मजल्यावर ठेवता येईल का ते बघ. नसेल तर शहाबादी फरशीचा तुकडा, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली, कानांना ओला हात, पंखा थेट अंगावर नाही. पाण्यात बुडवू नकोस, अंघोळही नको. पाणी जड वाडग्यात ठेव, नळीच्या बाटलीतून पुरेसे पिले जात नाही. पावसाळ्यात शेपटीखाली रोज बघ. ओल्या, घाणीने भरलेल्या केसांत माशी अंडी घालते आणि दिवसभरात अळ्या पडतात.

पिंजऱ्याऐवजी कुत्र्यांसाठीचे घडीचे कुंपण घे, किमान चार बाय चार फूट, आणि रोज तीन-चार तास खोली मोकळी. कोपऱ्यात घमेले, तळाला वर्तमानपत्र, वर गवत; तो खाता खाता तिथेच लेंड्या टाकायला शिकतो. मांजरांच्या शी-शूसाठी विकतात ती माती नको. चार्जरच्या वायरी आधी नळीत घाल. पहिला आठवडा त्याच्या मागे लागू नकोस. जमिनीवर बस आणि तुझे काम कर.

एक विषय निघाला म्हणून लिहिते. ऊसतोडीत सापडलेले करडे पिल्लू कोणी ‘हेही घे’ म्हणून दिले, तर तो रानससा. जन्मतःच अंगावर केस, डोळे उघडे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला घरी ठेवता येत नाही. जागच्या जागी राहू द्या, आई परत येते. जखमी असेल तर वनविभागाचा 1926.

वाळलेल्या हरळीची दोन पोती बाबा शनिवारी घेऊन येतील. फळीवर ठेव, भिंतीला टेकवून नको, ओल धरते आणि बुरशीचे गवत चालत नाही. वजनकाटा तू घे, 10 किलोपर्यंतचा, आणि दर रविवारी वजन लिहून ठेव. आठवड्यात शंभर ग्रॅमपेक्षा जास्त उतरले तर फोन कर, मला नाही, डॉक्टरांना.

तुझी,
आई