नवे संपादक का टिकत नाहीत?

महोदय,

२००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर गोव्याविषयीचे अनेक लेख अजून त्रोटक आहेत, आणि ते वाढवू शकणारी आमच्या भागातील तरुण मंडळी पहिल्याच संपादनानंतर माघार घेताना दिसतात. गावच्या देवस्थानाची माहिती कोणी तळमळीने लिहितो, ती लगेच उलटवली जाते, म्हणजे काढून लेख पूर्ववत केला जातो, आणि कारण म्हणून धोरणाचे नाव तेवढे मिळते. संदर्भाचा आग्रह योग्यच आहे. मंगेशाचे मूळ स्थान कुशस्थळी होते आणि १५६० मध्ये देव प्रियोळला नेला, हे येथे घरोघरी ठाऊक असले, तरी ज्ञानकोशात ते विश्वसनीय संदर्भासह यायला हवे. परंतु असा मजकूर थेट काढण्याऐवजी ‘संदर्भ हवा’ अशी खूण करता येते, आणि नवागतांशी सौजन्याने वागणे हा विकिपीडियाचाच संकेत आहे, याचा जाणत्या सदस्यांना विसर पडू नये.

गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा, यावरील १९६७ च्या जनमत कौलासारख्या विषयावर मतभेद होणारच. तेथे परस्परांची संपादने परतवत बसण्यापेक्षा लेखाला जोडलेल्या चर्चापानावर दोन्ही बाजूंची प्रसिद्ध साधने मांडावीत, आणि नव्या सदस्यांनीही लेखाचा ‘इतिहास’, म्हणजे त्याच्या जुन्या आवृत्त्यांची नोंद, उघडून पाहावा, कारण उलटवलेला मजकूर सहसा तेथे शाबूत असतो. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातील मराठी ग्रंथांच्या आधारे संदर्भ कसे द्यावेत, हे शिकवणारे वर्ग येथील मराठी संस्थांनी भरवावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

— एक वाचक, फोंडा