सरावपाठांच्या वह्या रद्दीत जाऊ नयेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांची चार ओळींची बातमी आपल्या दैनिकात नेहमी येते. दिवाळीच्या सुट्टीत आमचाही असाच एक मेळावा कराडला, प्रीतिसंगमावर झाला. सातारा जिल्ह्यातील एका अध्यापक विद्यालयात १९९८ ते २००० या काळात डी.एड. केलेले आम्ही एकतीस जण पंचवीस वर्षांनी एकत्र आलो. त्या दोन दिवसांत जे ऐकले आणि पाहिले, ते चार ओळींत मावणारे नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही बाहेर पडलो त्याच वर्षी राज्यात शिक्षणसेवक योजना आली आणि पहिली तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपये मानधनावर काढावी लागली. त्याच वर्षी पहिलीपासून इंग्रजीही सुरू झाले. क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमाची टाचणे, म्हणजे पाठाची लेखी आखणी, आम्हाला तोंडपाठ होती, पण पहिलीच्या मुलांसमोर इंग्रजीचा पहिला शब्द कसा उच्चारावा, हे मात्र वर्गात उभे राहूनच शिकावे लागले. नेमणुका मिळाल्या त्या दूरदूरच्या जिल्ह्यांत. राजापूर तालुक्यात गेलेल्या माझ्या वसतिगृहातील मैत्रिणीला आंतरजिल्हा बदलीसाठी नऊ वर्षे वाट पाहावी लागली. तिची मुलगी त्या काळात कराडला आजीपाशी वाढली. "ती मला आई म्हणायची, पण हट्ट आजीकडे करायची," एवढेच ती बोलली आणि बराच वेळ कोणालाच पुढे काही बोलवेना.

जव्हारकडे गेलेल्या मित्राच्या वर्गातील मुले घरी वारली बोलत. पुस्तकातील मराठी त्यांना परकी होती. त्याने पहिल्याच वर्षी मुलांकडून त्यांचे शब्द विचारून घेऊन एक वही केली आणि मुलांच्या शब्दापासून पुस्तकातील शब्दाकडे नेण्याची स्वतःची रीत बसवली. ती वही त्याने सोबत आणली होती. पाने सुटलेली, पुठ्ठ्याला दोनदा खळ लावलेली. आमच्यातील एकाला शेवटपर्यंत नोकरी मिळाली नाही. तो आता पाटण तालुक्यात गुऱ्हाळ चालवतो. हंगामात ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबांची मुले संध्याकाळी चुलवणाच्या उजेडात त्याच्यापाशी बसतात आणि तो त्यांना अक्षरे गिरवायला शिकवतो. त्यासाठी तो जो गुंडाळी फळा वापरतो, तो त्याने डी.एड.च्या पहिल्या वर्षी कार्यानुभवाच्या तासाला स्वतःच्या हाताने तयार केलेला आहे. आमच्यापैकी खरा शिक्षक कोण, असे मला कोणी विचारले तर मी पहिले बोट त्याच्याकडे दाखवीन.

साहजिकच बोलणे सरावपाठांवर, म्हणजे डी.एड. करताना शाळेतील वर्गावर घेतलेल्या पाठांवर, आले. पाठाच्या आदल्या रात्री वसतिगृहात एका दिव्याखाली सहा-सहा जणी टाचणे लिहीत असू. प्रस्तावनेचे प्रश्न एकमेकींना विचारून पाहायचे आणि हेतुकथनाचे, म्हणजे आज काय शिकायचे ते मुलांना सांगण्याचे, वाक्य दहा वेळा म्हणायचे. माझा पहिला पाठ भर पावसात गळक्या वर्गात झाला. खादी फलकावर, म्हणजे कापड लावलेल्या फळ्यावर, डकवलेली चित्रे ओलाव्याने एकेक करून खाली पडू लागली आणि मी घाबरून फळ्याकडे तोंड करून लिहीतच राहिले. मार्गदर्शक सरांनी माझ्या वहीत तांबड्या शाईने लिहिले होते : "अक्षर सुवाच्य आहे. मुलांकडे पाठ फिरवून पाठ होत नसतो." आजही फळ्यावर लिहिताना माझा एक खांदा वर्गाकडे असतो, तो त्या एका ओळीमुळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व जण आमच्या विद्यालयात गेलो. ते बंद होऊन काही वर्षे झाली आहेत. एकेकाळी गावोगावी डी.एड. विद्यालये निघाली, २०१० नंतर भरती कित्येक वर्षे थांबली आणि मग प्रवेशाला मुलेच येईनाशी झाली. अशा कितीतरी विद्यालयांना कुलपे लागली, त्यांतलेच हे एक. व्हरांड्यात सरावपाठांच्या वह्या, तक्ते आणि हस्तलिखित वार्षिकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते. रद्दीवाला येणार आहे, असे तेथील शिपाईमामांनी सांगितले. कोणाची वही हाती लागते का, म्हणून आम्ही तेथेच जमिनीवर बसलो. आमच्या तुकडीच्या सात वह्या मिळाल्या.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने अशा बंद पडलेल्या विद्यालयांतील वह्या, तक्ते व वार्षिके आपल्या ताब्यात घ्यावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कोणत्या काळात कोणता पाठ कसा घेतला जात होता, मार्गदर्शक काय सुधारून देत होते, याचा इतका तपशील दुसरीकडे सापडणार नाही. जव्हारच्या मित्राच्या वहीसारख्या गोष्टी तर कोणत्याच दप्तरात नाहीत. त्या ज्याच्या त्याच्या घरच्या ट्रंकेत आहेत, आणि त्याही मागवून घ्याव्यात.

आमच्या विद्यालयातील गठ्ठ्यांची यादी करण्यासाठी आम्ही अकरा जणांनी चार रविवार राखून ठेवले आहेत. संस्थाचालकांशी बोलून रद्दीची विक्री महिनाभर थांबवली आहे. साहित्य ठेवण्यासाठी एक कोरडी खोली आणि ते हलवण्याचे लेखी पत्र संबंधित कार्यालयाकडून या महिनाभरात मिळावे.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका
ता. पाटण, जि. सातारा