मॅनटी समजावायला आलेल्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

म्हापशाहून कदंबच्या बसने वाळपई गाठलीत, तिथून आमच्या शाळेत आलात, मुलांबरोबर भाजी-पाव खाल्लात आणि मानधनाचं पाकीट टेबलावरच ठेवून गेलात. फोनवर आभार मानायला लागले, तर तुम्ही विषयच बदललात. म्हणून हे उघड पत्र.

मॅनटी या पाण्यात राहून गवत खाणाऱ्या मोठ्या सस्तन प्राण्याचा व्हिडिओ पाहून मुलांनी मला विचारलं होतं, "बाई, हा पाण्यातला हत्ती का?" मी मराठी शिकवणारी, काय सांगणार! तुम्ही थेट उत्तर न देता चित्रातल्या प्राण्याच्या वल्ह्यासारख्या परांची टोकं नीट बघायला लावलीत. तिथे नखं निघाली, आणि हत्ती हा त्याचा आजच्या प्राण्यांतला जवळचा नातेवाईक हे मुलांना पटलं. वाळू मिसळलेलं गवत चावून दाढा झिजतात, मागून नव्या पुढे सरकतात, पुढच्या गळून पडतात, आणि हे जन्मभर चालतं. खाणीवरचा सरकता पट्टा पाहिलेल्या मुलांना हे लगेच उमगलं.

पण माझ्या मनात राहिला तो फळ्यावरचा हिशेब. एकाने मॅनटीला आळशी म्हटलं, तेव्हा तुम्ही रागावला नाहीत. गवतातून ताकद मिळते थोडी, म्हणून दिवसाचे कित्येक तास चरायचं आणि शरीराचा खर्चही कमी ठेवायचा. त्या कमी खर्चामुळे अंगात ऊब कमी, म्हणून पाणी 20 अंशांच्या खाली गेलं की जीव धोक्यात. हिवाळ्यात फ्लोरिडातले मॅनटी उमाळ्याच्या झऱ्यांपाशी, अगदी वीजकेंद्राच्या गरम पाण्यापाशीही गर्दी करतात ती त्यामुळेच. बरगड्या भरीव नि जड, फुप्फुसं पाठीलगत लांब पसरलेली. त्यामुळे फारसा जोर न लावता पाण्यात आडवं राहता येतं. पुन्हा कोणी आळशी म्हटलं नाही.

फ्लोरिडातल्या खाऱ्या पाण्याच्या इंडियन रिव्हर लगूनचं नाव ऐकून मुलांना तो भाग आपल्याकडचाच वाटला, आणि वर्ग हसला. मग तुम्ही तिथलं 2021 साल सांगितलंत. घाण पाण्यामुळे शेवाळ माजलं, उजेड तळापर्यंत पोचेना, समुद्री गवत मेलं. त्या वर्षी फ्लोरिडात 1,100 हून अधिक मॅनटी दगावले, त्यांतले अनेक उपासमारीने. शेवटी माणसांना लेट्यूसची पानं टाकून त्यांना जगवावं लागलं. मुलं लहान म्हणून हे गाळलं नाहीत, याचे वेगळे आभार. पाहुणे बहुधा गोडच तेवढं सांगतात.

"आमच्या म्हादईत का नाही?" या प्रश्नालाही तुम्ही हसला नाहीत. मॅनटीच्या तिन्ही जाती अटलांटिकच्या बाजूच्या, अमेरिकेत आणि पश्चिम आफ्रिकेत. आपल्याकडे त्यांचा भाऊबंद ड्युगाँग, तोही कच्छ, मन्नार, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमानात. मॅनटीची शेपूट गोल, ड्युगाँगची दुभंगलेली. तेव्हापासून मुलं पुस्तकातल्या प्रत्येक जलचराची शेपूट तपासतात.

आता त्यांना पाणमांजरांबद्दल ऐकायचंय, ती तरी इथलीच. चवथीची सुट्टी संपली की या, सर. वाळपई स्टँडवर न्यायला मी स्वतः येईन, आणि पाकीटही घेऊन येईन.

आपली,
शाळेतल्या मराठीच्या बाई